खांबाला चौदा दिवस पाणी

टँकर उलटा घेताना त्याच्या मागं उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणाऱ्या माणसावर कुठलाही गुन्हा दाखल होत नाही, ही आपल्या कायद्यातली एक गंभीर त्रुटी आहे. पाटोद्याचे महांतेश होनराव सर त्या सकाळी नेमकं हेच काम करत होते, त्यामुळे या त्रुटीबद्दल त्यांनी पुढे कधी कुणाकडे तक्रार केली नाही.

नळाला बाराव्या दिवशी यायचं पाणी पंधराव्या दिवशीही आलं नव्हतं, म्हणून सरांनी बंकटशेठचा टँकर मागवला होता. सरांचं घर वरच्या मजल्यावर, खाली मोकळी जागा, चार कोपऱ्यांना चार खांब आणि मधोमध पाण्याचा हौद. टँकरला उलटंच आत यावं लागे. सर मागं उभे राहून हात हलवत होते, तेवढ्यात रस्त्यानं जाणाऱ्या एका पालकानं "नमस्कार सर" म्हटलं. आता, बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या आणि रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्या माणसाला नमस्काराचं उत्तर न देणं जमायचं कसं? सर वळले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. आरशात हात जोडलेले सर बघून सिदू ड्रायव्हरनं त्याचा काय अर्थ घ्यायचा तो घेतला आणि टँकर तसाच मागं आणला.

आवाज काही फार मोठा झाला नाही. पोतं पडल्यासारखा धप्प झाला, इतकंच. पण वर चहा गाळत असलेल्या वर्षाराणीबाईंच्या हातातली गाळणी कपाबाहेर गेली. खाली उजव्या खांबाचा कंबरेएवढ्या उंचीवरचा नारळाएवढा टवका निघून पडला होता आणि आत गंजलेली सळई दिसत होती.

सिदू खाली उतरला, त्यानं आधी टँकरचा मागचा दिवा तपासला आणि मग खांबाकडे बघितलं. "काय न्हाई झालं सर. निस्ता पोपडा उडलाय."

सरांनी मनातल्या मनात हिशोब मांडला. पाच हजार लिटर पाणी म्हणजे पाच टन, वर टँकरचं वजन, गुणिले वेग. हा धडा ते नववीला दरवर्षी ऑगस्टात शिकवत. संवेग या गोष्टीला एक दिवस आपल्या घराचा पत्ता सापडेल, असं मात्र त्यांना कधी वाटलं नव्हतं.

अर्ध्या तासात गल्ली गोळा झाली. खांब फुटलेलं घर आणि लग्न ठरलेली मुलगी या दोन ठिकाणी सल्ला द्यायला ओळख लागत नाही. शेजारचे रामकिसनकाका म्हणजे निवृत्त ग्रामसेवक. त्यांनी आपल्या कारकिर्दीत एकोणीस समाजमंदिरं बांधून घेतली होती आणि त्यातली अकरा अजून उभी होती. ते म्हणाले, "महांतेश, ह्याला लोखंडी पट्टा ठोकून घे. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवतेत तसा. तापवून बसवायचा, लगीच पानी मारायचं. जन्मात हालनार न्हाई."

"काका, खांब चौकोनी हाय," कुणीतरी म्हणालं.

"मंग आधी गोल करून घ्या," काका म्हणाले. दुसऱ्या एका गृहस्थांनी ही सरळसरळ दृष्ट असल्याचं सांगितलं आणि खांबाला लिंबू-मिरची ठोकायला चांगला चार इंची खिळा सुचवला. आधीच फुटलेल्या खांबात चार इंची खिळा ठोकण्याचा हा विचार सरांनी विज्ञानाच्या आधारे फेटाळला. मग शेजाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून लिंबू-मिरची सुतळीनं बांधून घेतली.

दुपारी खुद्द बंकटशेठ आले. तीन टँकर, पांढरे कपडे आणि कुठल्याही पक्षाच्या सभेत पहिल्या रांगेत खुर्ची, असा माणूस. त्यांनी मित्राच्या खांद्यावर ठेवावा तसा खांबावर हात ठेवला. "सर, खांब हाय, मानूस न्हाई. मानसाला लागलं असतं तर गोष्ट येगळी हुती. आमचा गवंडी पाठवतो, सांजच्याला नवा करून देतो. अन् एक टँकर आपल्याकडून फुकट."

सर नको म्हणणार होते. पण रविवारी वर्षाराणीबाईंकडे भिशी होती आणि वीस बायकांसमोर तो टवका दाखवायची त्यांची तयारी नव्हती. संध्याकाळी खांबावर गिलावा झाला, दुसऱ्या दिवशी रंग झाला. भिशीच्या बायका खांबाला टेकून बोलत उभ्या राहिल्या आणि कुणाला काहीही दिसलं नाही. सरांना वाटलं, प्रकरण मिटलं.

आठव्या दिवशी खांबाच्या पाठीमागच्या बाजूला केसाएवढी तिरपी चीर आली. तिकडे टँकर लागलाच नव्हता. सरांनी ती रंगानं पुसली. दोन दिवसांनी ती रंगासकट परत आली आणि तुळईच्या दिशेनं वर निघाली. तेव्हा सरांनी जालिंदरला बोलावलं.

जालिंदर मिस्त्री भीमनगरचा. सहा वर्षांपूर्वी हे घर त्यानंच बांधलं होतं. बोलायला कमी, कामाला चोख. त्या दिवशी मात्र तो आला तो खुशीत. वस्तीत नवा विहार बांधायचा होता, घराघरातून वर्गणी जमली होती आणि काम त्यालाच मिळायचं जवळपास ठरलं होतं. "छप्पन्न सालापासून पत्र्याखालीच वंदना चाललीय सर आमची. माझ्या आज्यानं पत्रा टाकला, बापानं बदलला. आता स्लॅब पडंल, अन् तो माझ्या हातानं. म्हैन्याच्या शेवटच्या ऐतवारी बैठक हाय. त्याच्या आधी समितीचा संजय येनार हाय, तुमचं घर बगायला. त्याला म्हनलंय, माझं काम बगायचं आसंल तर होनराव सराचं घर बग."

मग त्यानं खांबाकडे बघितलं आणि त्याची खुशी उतरली. हातोडीच्या दांड्यानं तो खांब खालून वर टकटक करत गेला. खाली टण्टण् वाजणारा आवाज कंबरेपाशी येऊन बद्द झाला. नव्या गिलाव्यावर त्यानं एक टोला दिला, तसा गिलावा ताटाएवढा सुटून पायाशी पडला.

"कुनी केलं हे? मेल्या मानसाला पावडर लावल्यावानी," तो म्हणाला. "सर, टोला म्होरून बसला की फूट मागून निघती. वरचा टवका कायबी न्हाई. आत काय झालंय ते मलाबी दिसत न्हाई, तुमालाबी न्हाई. इंजिनेर आना. तवर वर पाव्हणेरावळे जमवू नका."

तो गेला आणि तासाभरात आपल्याकडचे लोखंडी टेकू आणून त्यानं तुळईखाली आवळून बसवले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सर वर जाऊन बसले, पण त्या दिवसापासून त्यांना स्वतःच्याच घरात पाय आपटून चालवेना. वर्षाराणीबाईंनी पीठ मळायची परातसुद्धा हळू ठेवायला सुरुवात केली.

इंजिनियर आणायचा तर खर्च टँकरच्या विम्यातून निघावा, असं रामकिसनकाकांनी सुचवलं, आणि विम्यासाठी आधी पोलिसांचा पंचनामा लागतो असंही सांगितलं. सर ठाण्यात गेले. हवालदारांनी अपघाताचा फॉर्म काढला.

"जखमीचं नाव?"

"खांब."

"वय?"

"सहा वर्षं."

हवालदारांचं पेन क्षणभर थांबलं, कारण जखमी अल्पवयीन निघाला होता. मग त्यांनी विचारलं की टँकर मागं घेताना मागं कोण उभं होतं. सर म्हणाले, "मीच." हवालदारांनी त्यांच्याकडे फार सहानुभूतीनं बघितलं आणि ते लिहून घेतलं नाही. विम्याच्या कचेरीनं खांबाचा अपघातापूर्वीचा फोटो मागितला. आता अपघातापूर्वी आपल्या खांबाचे फोटो काढून ठेवणारा मनुष्य अजून जन्माला यायचा आहे. एकच फोटो सापडला, वास्तुशांतीचा. त्यात खांबाच्या बरोबर पुढे वर्षाराणीबाईंच्या मावशी उभ्या होत्या आणि मावशी अशा होत्या की खांबाच्या फक्त दोन कडा दिसत होत्या. कचेरीतल्या साहेबांनी फोटो उलटसुलट करून बघितला आणि अधिकृत इंजिनियरचा अहवाल आणा, असं सांगून परत केला. चार हेलपाटे झाले. प्रत्येक हेलपाट्याला सर शाळेत अर्धी रजा टाकत आणि कारण म्हणून "घरातील प्रकृती" लिहीत.

शेवटी बीडहून प्रणिता आली. सरांच्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी, इमारतींच्या मजबुतीची तपासणी करणारी इंजिनियर. वय सत्तावीस, डोक्याला पिवळं हेल्मेट, हातात पिस्तुलासारखं एक यंत्र. ते खांबाला टेकवून दाबलं की आतली स्प्रिंग ठोका मारायची आणि काट्यावर आकडा यायचा. तमाशा बघायला माणसं जमलीच. बंकटशेठ होते, रामकिसनकाका होते, जालिंदर होता. आणि त्याच्याबरोबर संजय होता. संजय पोस्टात नोकरीला, विहार समितीचा सचिव आणि सरांचा जुना विद्यार्थी. तो आल्या आल्या सरांच्या पाया पडला.

प्रणितानं मार लागलेल्या जागी ठोके घेतले, वर घेतले, खाली घेतले. मग ती न विचारता बाकीच्या तीन खांबांकडे गेली. तिथंही ठोके घेतले आणि परत येऊन वहीत बघत राहिली.

"काका, मार लागलेल्या जागी आकडा पडणारच," ती सरांना म्हणाली. "पण जिथं टँकर लागला नाही तिथंही तो कमीच येतोय. चारही खांबांना. काँक्रीट मुळातच कच्चं आहे. चांगला खांब या धक्क्याला इतका फुटला नसता."

बंकटशेठचा चेहरा असा उजळला की जणू त्यांच्या टँकरला पुत्र झाला. "हेच म्हनतो मी! आमच्या टँकरनं निस्ता हात लावला. खांब आधीच मेलता."

प्रणितानं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. "बांधल्यावर पाणी किती दिवस मारलं होतं? सिमेंट वाळून घट्ट होत नसतं, पाणी पिऊन घट्ट होतं. लवकर वाळलं तर कच्चं राहतं."

जालिंदरनं उत्तर द्यायला एक क्षणही घेतला नाही. "चौदा दिस, म्याडम. गोनपाट गुंडाळून, रोज तीन टाईम. मी तवा गेवराईला दुसऱ्या कामावर गेलतो, तर सरांनी सोता पानी मारलंय. इचारा की सरांना. सर खोटं बोलनार न्हाईत."

सगळ्यांनी सरांकडे बघितलं.

इथं थोडं थांबून सरांच्या खरेपणाबद्दल सांगितलं पाहिजे. नऊ वर्षांपूर्वी परीक्षेच्या भरारी पथकाला सरांनी स्वतःच्याच शाळेच्या तीन खोल्यांतली कॉपी दाखवून दिली होती. त्यापायी संस्थेनं त्यांची वेतनवाढ अडवली आणि मुख्याध्यापकांनी वर्षभर त्यांच्या हातचा चहा घेतला नाही. ही गोष्ट पाटोद्यात अजून सांगितली जाते. खरं बोलणं आणि होनराव सर हे गावानं एकमेकांना असे बांधून टाकले होते की सरांना स्वतःलाही त्यातून सुटता येत नव्हतं.

आणि खरी गोष्ट अशी होती की सरांनी पाणी मारलं होतं तीन दिवस.

ते दुष्काळाचं साल होतं. "तू जा गेवराईला, पाणी मी मारतो," असं सरच म्हणाले होते. तीन दिवस त्यांनी ते भक्तिभावानं केलंही. चौथ्या दिवशी लातूरहून सासुरवाडीची अकरा माणसं मेव्हण्याच्या मुलाच्या जावळासाठी आली. अकरा माणसांच्या आंघोळी, अकरा माणसांचे कपडे. खांबांचं पाणी न्हाणीघरात गेलं. सर रोज ठरवत, उद्या दुप्पट मारू. पाव्हणे दहाव्या दिवशी गेले तेव्हा टँकरवालाही दोन गावं सोडून पलीकडे गेला होता. पंधराव्या दिवशी जालिंदर यायचा होता, त्या सकाळी सरांनी दोन बादल्या पाणी गोणपाटांवर ओतलं. "मारलं का सर पानी?" त्यानं विचारलं. "मारलं की," सर म्हणाले. "निघालोय, पाचच मिनिटांत पोचतो" या जातीतलं ते खोटं. अशा खोट्याची कुणी नोंद ठेवत नाही आणि सरांनीही ठेवली नव्हती.

आता समोर प्रणिता पेन घेऊन उभी होती. तिच्यामागे बंकटशेठ, शेजारी पाया पडलेला विद्यार्थी, वरच्या कठड्यावर वर्षाराणीबाई. सरांना खरं सांगायचं होतं. त्यांनी तोंडही उघडलं. पण बावीस वर्षांचे सुविचार आणि एवढी सगळी माणसं एकदम समोर आली की तोंडातून काय निघेल याचा भरवसा राहत नाही.

"हो," सर म्हणाले. "मारलं होतं."

प्रणितानं लिहून घेतलं. "मग सिमेंटच कमी पडलं असणार. खांबातून नमुना काढून बघितला तर नक्की सांगता येईल, पण या खांबाला आत्ता भोक पाडणं नको."

"खाल्लं म्हना की सरळ," बंकटशेठ म्हणाले.

जालिंदरला कुणी मारलं असतं तरी तो इतका गोंधळला नसता. "म्याडम, पोतं मोजून टाकलंय म्या. सर, तुमी तर हुता तिथं. सांगा की." पण सर त्या वेळी खांबाच्या तळाशी पडलेला गिलावा पायानं बाजूला सारत होते. संजय जालिंदरकडे न बघता सरांच्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, बरं झालं तुमच्यासमोर कळलं. वर्गणीचं बांधकाम आहे, लहान लेकरं बसणार आहेत खाली." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, भर दिवसा, चहा-पोह्यांसह दिली जाते.

बातमी गावात पसरायला संध्याकाळ लागली नाही. बंकटशेठचे तीन टँकर दिवसाला चाळीस दारांत उभे राहत आणि प्रत्येक दारात पाण्याबरोबर ही हकीकतही उतरत होती.

प्रणितानं दुरुस्तीची पद्धत लिहून दिली होती. टेकू तसेच ठेवायचे, खांबाचं सुटलेलं आणि कच्चं काँक्रीट छिन्नीनं काढून टाकायचं, सळया घासायच्या, बाहेरून नव्या सळयांचा पिंजरा बांधायचा आणि चहूबाजूंनी नवं काँक्रीट ओतून खांबाला अंगरखा चढवायचा. मग बाकीच्या तिघांनाही तसंच. बुधवारी सकाळी हे काम करायला जालिंदर आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"माझ्या हातचं कच्चं निगालं म्हनतेत, तर मीच पक्कं करून देतो," तो म्हणाला. "मजुरी न्हाई घेनार."

सरांनी त्याला चहा विचारला, त्यानं नको म्हटलं. तो छिन्नी घेऊन बसला. वरचं काँक्रीट सहज सुटत होतं, बोटानं चोळलं तरी भुगा होत होता. सर जिन्याच्या पायरीवर बसून बघत होते. उठून शाळेत जावं तर रजा टाकलेली, वर जावं तर वर्षाराणीबाई. दीड इंच आत गेल्यावर छिन्नीचा आवाज बदलला. जालिंदरनं आणखी दोन टोले घातले आणि छिन्नी उसळून परत आली. तिसऱ्या टोल्याला ठिणगी उडाली.

तो थांबला. वरचा भुगा त्यानं तळहातावर घेतला, चोळला, आतल्या खडकासारख्या भागावर अंगठा फिरवला. मग पाठीमागे न वळता म्हणाला, "सर, सिमेंट खाल्लं असतं तर आतूनबी भुगाच निगाला असता. हे आत बगा, छिन्नी बसत न्हाई. निस्तं वरचं दीड इंच मेलंय. वरचं कवा मरतं ठावं हाय का? वरून तहान लागल्यावर."

सर पायरीवरून उठून खांबापाशी आले.

"पानी किती दिस मारलंत?"

"तीन," सर म्हणाले. मग त्यांना वाटलं पुढे काहीतरी बोललं पाहिजे, म्हणून ते म्हणाले, "पाव्हणे आले होते रे."

जालिंदर वळला. त्याच्या भुवयांवर, मिशीवर पांढरी धूळ बसली होती, त्यामुळे तो एकदम म्हातारा दिसत होता. "तवा न्हाई सांगितलं ते ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पर परवा, म्याडमनं इचारल्यावर, कावून न्हाई सांगितलं? मी तुमचं नाव घेतलं हुतं सर. दुसऱ्या कुनाचं घेतलं न्हाई." सर पायानं भुगा गोळा करू लागले. "आता एक करा," जालिंदर म्हणाला, "ऐतवारच्या आधी संजयला तेवढं सांगा. बास." आणि तो परत छिन्नीकडे वळला.

गुरुवारी सर पोस्टात गेले, पण संजयपुढे रांग होती आणि रांगेत तीन पालक होते. शुक्रवारी रांग नव्हती, पण सरांच्या मनात आलं की अशी गोष्ट पोस्टात सांगणं बरं दिसत नाही. शनिवारी ते भीमनगरच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथं मुलांनी "सर आले, सर आले" करून त्यांना घेरलं आणि एकानं गणित विचारलं. सरांनी ते उभ्या उभ्या सोडवून दिलं आणि ते घरी आले. वर्षाराणीबाई म्हणाल्या, "जाऊ द्या ना. तो दुसरं काम बघील. तुमचं नाव गेलं तर कुठून आणायचं?" सरांना हे बोलणं पटलं नाही, पण ऐकून बरं वाटलं. याचाच त्यांना पुढे सगळ्यात जास्त राग आला.

रविवारी बैठक झाली. विहाराचं काम गेवराईच्या एका गुत्तेदाराला गेलं.

सोमवारी सर संजयच्या घरी गेले. समितीचे आणखी दोघं तिथं बसले होते. सरांनी चपला काढल्या, बसले नाहीत, आणि एका दमात सगळं सांगितलं. पाव्हणे, न्हाणीघर, गोणपाटांवरच्या दोन बादल्या, आतला खडक, सगळं. सांगून झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की ते खुर्चीवर बसलेही.

संजयच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो उठला आणि पुन्हा सरांच्या पाया पडला. "सर, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत. एका गरिबाच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून तुम्ही हे स्वतःच्या अंगावर घेताय."

"अरे, अंगावर घेत नाही. खरं सांगतोय."

"सर, तुमी कधी खोटं बोलत न्हाई हे सगळ्या पाटोद्याला ठावं हाय," समितीतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले. "इंजिनियरम्याडमपुढं तुमी जे बोलले तेच खरं. आज बोलताय ती तुमची दया हाय."

सरांनी शपथ घेतली, तर ती दया आणखी मोठी ठरली. त्यांनी आतल्या खडकाबद्दल सांगितलं, तर संजय म्हणाला की मिस्त्री लोक काय वाटेल ते दाखवतात. त्यांनी आवाज चढवला, तेव्हा त्यांना पाणी आणून देण्यात आलं. प्रणिताला फोन केला. ती म्हणाली, अहवाल विमा कचेरीत गेला, बदलायचा तर प्रतिज्ञापत्र द्या, मी बदलीन. सरांनी दुसऱ्याच दिवशी प्रतिज्ञापत्र करून दिलं आणि तिनं अहवाल बदललाही. पण पाटोद्यात अहवाल कोण वाचतो? ऐकलं गेलं ते एवढंच, की होनराव सरांनी मिस्त्रीला वाचवायला कागदावरसुद्धा सही केली.

शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि प्रमुख पाहुणे बंकटशेठ. सरांच्या प्रतिज्ञापत्रामुळे विम्याचं लचांड सुटल्यानं बंकटशेठ फार उदार झाले होते. म्हणाले, "ज्यानं सिमेंट खाल्लं त्यालासुदिक पदराखाली घेनारा हा मानूस." सर उत्तराला उभे राहिले आणि माईकवर स्पष्ट म्हणाले, "जालिंदरनं काहीही खाल्लेलं नाही. चूक माझी आहे. मी खोटं बोललो." असल्या टाळ्या त्या मैदानावर झेंडावंदनालाही कधी झाल्या नव्हत्या. रामकिसनकाकांनी रुमाल काढला.

या सगळ्या दिवसांत जालिंदर रोज येत होता. चारही खांबांना अंगरखे चढले, त्यावर गोणपाटं गुंडाळली गेली आणि चौदा दिवस, दिवसातून तीन वेळा, पाणी त्यानं स्वतः मारलं. सरांना त्यानं बादलीला हात लावू दिला नाही. पंधराव्या दिवशी त्यानं टेकू सोडवले, खांबांवर हातोडीचा दांडा वाजवून दाखवला आणि आपलं सामान सायकलवर लादून तो निघून गेला. गावात त्याला त्यानंतर कुणी साधी न्हाणी बांधायलाही बोलावलं नाही.

महिन्याभरानं सर सकाळच्या गाडीनं बीडला निघाले होते, तेव्हा त्यांना स्टँडवर जालिंदर दिसला. त्याची बायको माया बरोबर होती, दोन पिशव्या होत्या आणि एक दोरीनं बांधलेली पत्र्याची पेटी. पुण्याच्या गाडीची वाट बघत होते. कुठल्यातरी मोठ्या साईटवर तो दुसऱ्याच्या हाताखाली लागणार होता. मायाबाईंनी सरांना बघून पदर पुढे ओढला आणि तोंड फिरवलं. जालिंदर मात्र उठून उभा राहिला.

"जालिंदर, मी सांगितलं रे सगळ्यांना," सर म्हणाले. "समितीला सांगितलं, स्टेजवरून सांगितलं, कोर्टाच्या कागदावर लिहून दिलं. अजून सांगेन. ज्याला त्याला सांगेन."

"ठावं हाय सर," तो म्हणाला. पुण्याची गाडी आत आली होती आणि कंडक्टर ओरडत होता. जालिंदरनं पेटी उचलली, मायाबाईंना पुढं घातलं आणि पायरीवर एक पाय ठेवून मागं बघितलं. "पाया पडतो तुमच्या, आता कुनाला सांगू नका. तुमी सांगताल तितके तुमी थोर होता, अन् मी तितका चोर होतो."